ऑपरेशनची तारीख लांब आहे, तोवर दुखण्याचं काय करायचं?

“ऑपरेशन करावं लागेल” हे ऐकून माणूस हादरतो खरा, पण दोन दिवसांत सावरतोही. करायचं तर करू, एकदाचं होऊन जाऊ दे, असं मनाशी ठरतं. पंचाईत होते ती पुढच्या वाक्याने: “नंबर लागला की कळवू.” हा नंबर कुणाचा सहा आठवड्यांनी लागतो, कुणाचा सहा महिन्यांनी, तर कुणाचा वर्ष उलटलं तरी लागत नाही. गुडघा किंवा खुबा बदलायचाय, मणक्यातली गादी सरकलीय, खांद्याचा स्नायू फाटलाय. जिवाला आज धोका नाही, पण दुखणं रोज सकाळी आपल्याआधी उठून बसलेलं असतं.

कोविडने या रांगा एकदम डोळ्यांत भरण्याइतक्या वाढवल्या. २०२० मध्ये साथीच्या सर्वात कठीण १२ आठवड्यांत जगभरातल्या सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, असा संशोधकांचा अंदाज होता. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत उपचारांसाठी थांबलेल्यांच्या नोंदी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या वर गेल्या होत्या. स्वीडनमध्ये ९० दिवसांची हमी आहे, कॅनडात गुडघा-खुबा बदलण्यासाठी २६ आठवड्यांची मर्यादा ठरवलेली आहे, आणि दोन्हीकडे ती अनेकांच्या बाबतीत पाळली जात नाही. श्रीमंत देशांची ही गत.

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. रांगेतल्या माणसाला तारीख सांगतात, तीही मोघम, पण तोवर जगायचं कसं हे कुणी बसून सांगत नाही. “आराम करा, दुखलं तर गोळी घ्या” एवढ्यावर बोळवण होते. त्यातला “आराम करा” हा भाग तर पुष्कळदा चुकीचाच असतो. तो का चुकीचा, हे कळायला आधी दुखण्याची यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागेल.

रांग सरळ का सरकत नाही

नुसता सर्जन मोकळा असून भागत नाही. भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, प्रशिक्षित नर्स आणि नंतर रुग्णाला ठेवायला खाट, हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. त्यात एखादा अपघात आला, कुणाचं अपेंडिक्स फुटलं, की ठरलेली ऑपरेशनं मागे जातात. शिवाय ही रांग नुसती आधी आला त्याचा नंबर आधी अशी नसते, कुणाला किती तातडी आहे यावर ती पुन्हा पुन्हा मांडली जाते. म्हणूनच परिस्थिती बदलली तर कळवणं महत्त्वाचं. त्यावर पुढे येतोच.

दुखणं आणि इजा: दोन वेगळी खाती

आपली साधी समजूत अशी, की जितकी इजा तितकं दुखणं. ठेच लागल्यावर हे खरं वाटतंही. पण दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये वेगळंच चित्र मांडलं. गंभीर जखमी झालेल्या अनेक सैनिकांना “दुखणं कमी करायला काही हवं का” असं विचारलं, तर बहुतेकांनी नको म्हटलं. जखम भयंकर होती, पण आपण आघाडीवरून जिवंत परत आलो हेही त्या मेंदूला कळत होतं.

उलट बाजूही पाहा. २०१५ मध्ये, पाठदुखीची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या मणक्यांतली गादी फुगलेली होती, आणि त्यांना दुखत काहीच नव्हतं! म्हणजे रिपोर्टमधली ओळ वाचून जितकी धडकी भरते, तितकी भरण्याचं कारण नसतं.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी याचं एक सुंदर स्पष्टीकरण सुचवलं. शरीराकडून निघालेला दुखण्याचा निरोप थेट मेंदूत जाऊन पोचत नाही. वाटेत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, त्याला एक दार लागतं. स्पर्शाचे निरोपही याच दारातून जातात. त्यांची गर्दी झाली, की दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते. कोपर आपटल्यावर आपण नकळत ते चोळतो ते यासाठीच. मेंदूसुद्धा वरून हे दार थोडं उघडू किंवा लोटू शकतो. पुढच्या संशोधनाने या कल्पनेत बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण गाभा टिकला: दुखणं किती वाटावं, हे वाटेत ठरतं.

शेकाचा उपयोगही यातून उलगडतो. शेकाने गुडघ्याची झीज भरून येत नाही. आखडलेले स्नायू सैल होतात आणि दारावर दुसऱ्या निरोपांची गर्दी होते. तासभर बरं वाटलं तरी ते खरंच बरं वाटणं आहे. (पायांची संवेदना कमी झाली असेल, तर मात्र शेक जपून. भाजलेलं कळत नाही.)

चोरी झालेल्या घरातला कुत्रा

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या किंवा परत परत येणाऱ्या दुखण्याला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तिला आता स्वतःची नोंद आहे, आणि हे वर्गीकरण २०२२ पासून लागू झालं. वेगळी नोंद असण्याला कारण आहे.

घरात राखणीला कुत्रा आहे असं समजा. एकदा चोर येतो, कुत्रा भुंकतो, घर जागं होतं. त्याने त्याचं काम चोख केलं. पण चोर रोज रात्री यायला लागला, तर कुत्रा महिन्याभरात असा बिथरतो, की पुढे पान पडलं तरी भुंकतो, पाहुणा आला तरी भुंकतो, आणि शेवटी काहीच झालं नाही तरी भुंकतो. त्याचे कान तीक्ष्ण झालेत, घर मात्र आधी होतं तेवढंच धोक्यात आहे.

मज्जारज्जू आणि मेंदूतल्या पेशींचं असंच होतं. सतत निरोप वाहून त्या अतिसंवेदनशील होतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून याचा पुरावा दिला. यानंतर हलका दाबही दुखतो, दुखणं मूळ जागा सोडून आजूबाजूला पसरतं, आणि काल जेवढं चाललं तेवढंच आज चालून दुप्पट ठणका लागतो. गुडघा एका रात्रीत झिजलेला नसतो.

रांगेत थांबलेल्यांसाठी हे जाणणं दोन कारणांनी मोलाचं. एक, वाढलेला ठणका म्हणजे दर वेळी वाढलेली मोडतोड नव्हे. दुसरं म्हणजे सांध्याची झीज घरी बसून दुरुस्त करता येत नाही, पण कुत्र्याला थोडंफार शांत करता येतं.

“म्हणजे माझं दुखणं मनाचं?”

नाही. हा प्रश्न येणारच, आणि तो येण्यामागे अनुभव असतो. “तुम्ही फार विचार करता” असं ऐकून घेतलेले लोक पुष्कळ आहेत. मेंदू सामील आहे याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा होत नाही. दिसणं डोळ्यांत सुरू होऊन मेंदूत पुरं होतं, म्हणून समोरचं झाड काल्पनिक ठरतं का?

पण मनाचा परिणाम होत नाही असंही नाही. “हे आता असंच वाढत जाणार, ऑपरेशनपर्यंत मी अंथरुणाला खिळणार” हा विचार रात्री दोन वाजता डोक्यात फिरायला लागला, की अंग आखडतं, झोप उडते आणि सकाळी सगळं जास्त दुखतं. त्याची दखल घेणं म्हणजे कमकुवतपणा कबूल करणं नव्हे. दुखण्यावर काम करणाऱ्या जाणत्या समुपदेशकाकडे जाणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि जगणंच नकोसं वाटू लागलं, तर ती गोष्ट त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगायची.

चांगल्या दिवसाचा सापळा

आता रोजच्या व्यवहाराकडे. जुनाट दुखण्यात वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त दगा देतात, हे ऐकायला विचित्र वाटेल. एक दिवस जरा बरं वाटतं. मग साठलेली सगळी कामं उरकायची घाई होते: कपाट आवरा, बँकेत जा, दोन जिने चढा. संध्याकाळी अभिमान वाटतो आणि दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस अंथरूण. पडून राहिल्याने स्नायू थोडे आणखी ढिले पडतात, त्यामुळे पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला आणखी लवकर दुखतं. असं करत करत महिन्याभरात माणसाचं जग खोलीएवढं होतं.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. काम दुखण्यावर न मोजता घड्याळावर मोजायचं. चार-पाच दिवस नोंद ठेवा, दुखणं वाढायच्या आत साधारण किती मिनिटं उभं राहता येतं. समजा, बारा. मग नऊ-दहा मिनिटांनी बसायचंच, दुखत नसलं तरी. दोन मिनिटं थांबून पुन्हा उठायचं. चांगल्या दिवशीही तेवढंच आणि वाईट दिवशीही शक्य तितकं तेवढंच. आठवडाभर हे जमलं, की एखादं मिनिट वाढवायचं. बिथरलेल्या कुत्र्याला रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने फिरवून आणण्यासारखं आहे हे. काही वाईट घडत नाही, याची त्याला हळूहळू खात्री पटते.

अवघड भाग मिनिटांचा नाही, लोकांचा आहे. “काल तर चांगला फिरत होतास” या वाक्याला उत्तर देणं दमवणारं असतं. घरातल्या एका तरी माणसाला हा हिशेब आधीच समजावून ठेवावा, बाकीच्यांना तो समजावेल.

“हालचाल केली तर सांधा आणखी झिजेल ना?”

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होतो दाब पडून सुटल्यावर. स्पंज पिळला आणि सोडला की पाणी शोषतो, तसं. अजिबात न हलणाऱ्या सांध्याची उपासमार होते. शिवाय गुडघ्यावरचा भार मांडीचे स्नायू उचलतात, ते रोडावले की तो सगळा सांध्यावर येतो.

मग किती हालचाल करायची? फिजिओथेरपिस्ट वापरतात तो नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. शून्य म्हणजे अजिबात न दुखणं आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, मात्र २४ तासांच्या आत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. आलं नाही तर पुढच्या वेळी कमी करा, बंद करू नका. कोणता व्यायाम, हे मात्र आपल्या दुखण्याप्रमाणे विचारून घ्या. मणक्याचा, खांद्याचा आणि गुडघ्याचा हिशेब एक नसतो.

काठीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण पुष्कळ जण ती चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा किंवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची. हात खाली सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. काठी घेणं म्हणजे म्हातारपण मान्य करणं वगैरे काही नाही, ती भार वाटून घेणारी साधी तरफ आहे.

वजनाबद्दल सल्ले ऐकून लोक विटलेले असतात, म्हणून फक्त एक आकडा. स्थूल आणि गुडघेदुखी असलेल्या वयस्कर लोकांच्या २००५ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. वीस किलोंचं स्वप्न बघण्यापेक्षा तीन किलोंचं गणित जास्त कामाचं.

गोळ्यांचं काय?

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण सवय लागेल या भीतीने गोळीच घेत नाहीत, मग हालचाल थांबते, झोप जाते. दुसरे काही, शेजाऱ्याला लागू पडलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन येतात आणि आपल्या गोळीसोबत तीही घेतात.

पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. निरोगी यकृताच्या प्रौढ माणसासाठी दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर ती बरीच खाली येते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही यातच मोजायचं. सांध्याच्या झिजेत एकट्या पॅरासिटामॉलचा उपयोग बेताचाच, हेही खरं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही मंडळी सूज कमी करतात, पण जठर, मूत्रपिंड, रक्तदाब आणि हृदय यांच्याकडून किंमत वसूल करू शकतात. याच गटातल्या दोन गोळ्या एकदम घेतल्या तर फायदा दुप्पट होत नाही, धोका वाढतो. गुडघ्यासाठी यातलंच डायक्लोफेनॅक मलमाच्या रूपात लावलं, तर रक्तात कमी जातं. शस्त्रक्रियेच्या आधी यांपैकी काही औषधं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवाव्या लागू शकतात. केव्हा, ते विचारूनच. मनाने थांबवू नका.

ट्रामाडॉल, कोडीन, मॉर्फिन या अफूवर्गीय औषधांबाबत मात्र सावधपणा योग्यच आहे. थोड्या दिवसांसाठी ती उपयोगी, पण महिनोन्‌महिने घेतल्यावर तेवढाच परिणाम मिळायला डोस वाढवत न्यावा लागतो. ऑपरेशनच्या आधी दीर्घकाळ ती घेणाऱ्यांचं ऑपरेशननंतरचं दुखणं आवरणं जास्त अवघड जातं. आधीपासून सुरू असतील तर ती एकदम तोडू नयेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावीत.

दुखण्याला नेमका शब्द द्या

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, रग, आग, मुंग्या, हुळहुळणं, शूळ. एवढी संपत्ती असून डॉक्टरांसमोर आपण “खूप दुखतंय हो” एवढंच म्हणतो. दाराची कल्पना मांडणाऱ्या मेलझॅक यांनीच १९७५ मध्ये ७८ शब्दांची एक प्रश्नावली बनवली, फक्त दुखण्याचं वर्णन करण्यासाठी. कारण शब्दांवरून उगम सुचतो. ठसठस आणि गरमपणा सुजेकडे बोट दाखवतात. आग, विजेसारखी चमक, मुंग्या हे नसेचं लक्षण असू शकतं, आणि नसेच्या दुखण्यावर नेहमीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. तिथे गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं लागतात. यातली काही नैराश्यावरही दिली जातात. माहितीपत्रकात तसं वाचलं तर रागावू नका, डॉक्टरांनी तुम्हाला वेड्यात काढलेलं नाही.

आणखी एक. “दहापैकी आठ” या आकड्यापेक्षा “जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागतं, मागच्या महिन्यात एकदाच लागायचं”, “कूस बदलताना रात्री चारदा जाग येते” ही माहिती डॉक्टरांना जास्त कामाची. रांगेत वर-खाली करताना कामी येते तीही हीच. रात्रीच्या दुखण्याबद्दल तर आवर्जून सांगा, कारण झोपमोड झाली की धडधाकट माणसालाही दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त जाणवतं. तोवर कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून पाहा.

इथे मात्र थांबायचं नाही

पाठ दुखत असताना लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि गुदाजवळची जागा बधिर झाली, पायातली शक्ती झपाट्याने गेली, तर तासाभराचाही उशीर न करता आपत्कालीन विभाग गाठायचा. सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, हेही तसंच. हर्नियाची गाठ आत जाईना, कडक झाली, उलट्या होऊ लागल्या, तरीही तसंच. पित्ताशयाच्या दुखण्यात थंडी-ताप किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर तारखेची वाट पाहायची नाही. ती तारीख दुखण्याच्या जुन्या स्थितीला दिलेली होती.

“पण बरं वाटायला लागलं, तर माझा नंबर जाईल का?”

ही भीती लोक उघड बोलत नाहीत, पण असते. व्यायाम करून चालणं सुधारलं आणि डॉक्टर म्हणाले, “मग आता गरज नाही”?

२०१५ मध्ये डेन्मार्कमधल्या एका चाचणीत, गुडघा बदलण्याजोगी झीज असलेल्या १०० जणांना १२ आठवडे व्यायाम, माहिती, आहाराचा सल्ला असे उपचार दिले. निम्म्यांचा त्याआधी गुडघाही बदलला. वर्षाने पाहिलं तर ऑपरेशन झालेल्यांना निश्चितच जास्त आराम होता. म्हणजे व्यायाम हा ऑपरेशनचा बदली खेळाडू नव्हे, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पण ऑपरेशन न झालेल्यांतही बहुतेकांना जाणवण्याइतका फरक पडला, आणि वर्षभरात त्यांच्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्यानेच गुडघा बदलून घेतला. सायटिकावरच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यावरच्या, २००७ मधल्या डच चाचणीतही, लगेच ऑपरेशन झालेले लवकर बरे झाले, पण वर्षाअखेर थांबलेले आणि न थांबलेले सारख्याच ठिकाणी पोचले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधे ऑपरेशन लागलं.

म्हणजे बरं वाटलं आणि ऑपरेशन टळलं, तर ते तुमच्याकडून हिसकावलेलं नसतं. निर्णय तुम्हीही घ्यायचा असतो. आणि ऑपरेशन झालंच, तर आधी ज्याचे स्नायू आणि चाल बरी, त्याची नंतरचीही बरी राहण्याची शक्यता जास्त. गुडघा बदललेल्या साधारण पाचातल्या एकाला पुढेही दुखत राहतं, हे कुणी फारसं आधी सांगत नाही. म्हणून सर्जनला विचारावं, “माझ्या बाबतीत काय जाईल आणि काय उरेल?”

दरम्यान रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून ताब्यात आणा. किडलेला दात असेल तर काढून किंवा भरून घ्या. सिगारेट असेल तर निदान चार आठवडे आधी बंद. यांपैकी एखाद्या कारणाने ऑपरेशन ऐनवेळी पुढे जातं, आणि एवढं थांबून ते असं गेलं तर फार लागतं. रुग्णालयाला एक फोन करून सांगून ठेवा, की कुणाचं ऐनवेळी रद्द झालं तर मी दोन दिवसांच्या सूचनेवर येऊ शकतो. सोबत कोण येणार, हेही त्याआधी ठरवून टाका. हे फोन बहुधा भलत्याच वेळी येतात.